बुधवार, रात्री आठ : अण्णाकाकांच्या गीतमाला वह्यांच्या प्रकल्प नोंदी

25 फेब्रुवारी 2024, रविवार

रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' सादर करणारे अमीन सयानी मंगळवारी गेले, बातमी बुधवारी सकाळी आली. बाबा चहा घेता घेता एवढंच म्हणाले, "बुधवारच गाठला म्हणायचा." आज दुपारी मात्र कुणाला न सांगता स्टूल ओढून माळ्यावरचं बोचकं काढायला निघाले. वय 83. त्यांना खाली उतरवलं आणि मी चढले.

बोचक्यात अण्णाकाकांच्या वह्या. एकूण 14, फुलस्केप, सगळ्यांना ब्राऊन पेपरचं कव्हर, वर ठसठशीत अक्षरात 'गीतमाला' आणि साल. सोबत चपलांच्या खोक्यात 23 कॅसेटी. काका जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून हे बोचकं तीन घरं फिरलंय, उघडलं कुणीच नाही.

ठरलं ते असं : सगळ्या याद्या स्प्रेडशीटमध्ये चढवायच्या, कॅसेटी डिजिटल करायच्या. अंदाजे दोन महिने. (हे वाक्य नंतर वाचून हसायला ठेवते.)

2 मार्च, शनिवार

पहिली वही जून 1956 ची. काका तेव्हा 18 वर्षांचे, नुकतेच खडकीला कामाला लागलेले. नारायण पेठेतून सायकलनं जायचे-यायचे. घर वाड्यात तळमजल्यावर, दोन खोल्या, नदी हाकेच्या अंतरावर.

वहीचं पान असं : वर तारीख. खाली सोळा ओळी, पण उलट्या क्रमानं, 16 पासून 1 पर्यंत. कार्यक्रम तसाच वाजायचा ना, खालच्या पायदानापासून वर. मग रकाने : गाणं, चित्रपट, गायक, गेल्या बुधवारचा नंबर, बाण वर किंवा खाली. शेवटचा रकाना अगदी अरुंद, डोक्यावर नुसतं 'आ.', खाली 1 ते 5 मधला आकडा. हे काय ते कळत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आवडलेलं असेल. आवड."

ठीक. म्हणजे काकांची स्वतःची पसंती. सयानींची यादी एकीकडे, काकांची दुसरीकडे. मजा येणार.

3 मार्च, रविवार

टायपिंगला बसण्याआधी थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवते, कारण मुलीनं काल विचारलं, "पण हिंदी गाण्यांचा कार्यक्रम श्रीलंकेहून का?"

कारण एक मराठी मंत्री. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या मते फिल्मी गाणी म्हणजे कानांची नासाडी, आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत हवं. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी आधी आटली, मग जवळपास गायबच झाली. तिकडे कोलंबोत दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता, आणि रेडिओ सिलोनला जाहिराती घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. बिनाका टूथपेस्टवाल्यांनी कार्यक्रम घेतला. 3 डिसेंबर 1952, बुधवार, पहिली गीतमाला. सयानी तेव्हा वीस वर्षांचेही पूर्ण नव्हते, आणि मानधन आठवड्याला 25 रुपये.

सुरुवातीला ती यादी नव्हतीच, खेळ होता. अर्ध्या तासात सात गाणी, श्रोत्यांनी त्यांची क्रमवारी लावून पाठवायची, बक्षीस 100 रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, वर्षभरात आठवड्याला 65 हजारांवर गेली. ती उघडायची कुणी? म्हणून 1954 अखेरीस स्पर्धा बंद करून तासाभराची सोळा गाण्यांची लोकप्रियता-यादी केली. म्हणजे हिंदी सिनेमाला पहिली हिट परेड मिळाली ती बरीचशी टपालाला कंटाळून.

आणि सगळ्यात गमतीचं : रेकॉर्डिंग मुंबईतच व्हायचं. टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून हवेतून परत नारायण पेठेत यायची. सिलोनला शह म्हणून सरकारला 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली, यातच सगळं आलं.

10 मार्च, रविवार

1956 आणि 57 टाइप झालं. नेटवर मिळणाऱ्या याद्यांशी ताडून पाहिलं, बरंचसं जुळतं. मग मी हे कशासाठी करतेय, असा प्रश्न पहिल्यांदा पडला. जी यादी सगळ्यांकडे आहे ती पुन्हा टाइप करण्यात काय हशील?

काकांकडे काही ओळी रिकाम्या आहेत. काही ओळींत गाणं पेन्सिलीनं, नंतर भरल्यासारखं, आणि बाजूला छोटा 'ख.'. हे मात्र बाबांनी क्षणात सोडवलं. "ख म्हणजे खडकी. रात्री ऐकताना निसटलं की दुसऱ्या दिवशी कारखान्यात विचारायचं. तिथे पाच-सहा जण होते असले. संगम पुलावर सायकली थांबवून भांडायचे."

निसटायचं का, ते विचारायचं राहिलं.

17 मार्च, रविवार

'आ.' म्हणजे आवड नाही!

आज रकाना आलेख करून पाहिला. माझ्या आवडीचे आकडे मी दिले असते तर ते वेडेवाकडे पडले असते : इथे पाच, शेजारी एक, मग चार. काकांचे आकडे तसे नाहीत. सोळाव्या पायदानाला 4, पंधराव्याला 4, मग 3, 3, 2, 1, एक ओळ रिकामी, 2, 3, 4. हळूहळू उतरतात, हळूहळू चढतात. रिकाम्या ओळी नेमक्या 1 च्या आसपास. कुठलीही आवड अशी भरती-ओहोटीसारखी चालत नाही.

'आ.' म्हणजे आवाज.

पुरावा तासाभरात सापडला. नोव्हेंबर 57 च्या एका पानावर समासात : 'आ. 1. एरियल खिडकीबाहेर टांगली. आ. 3.' दर गाण्याला काका सिग्नलची नोंद करत होते. शॉर्टवेव्ह ऐकलेल्यांना सांगायला नको. लाटा वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येतात, तो थर संध्याकाळी सारखा हलत असतो, आणि आवाज जवळ येतो, लांब जातो, विहिरीत पडतो, परत वर येतो. कोलंबो पुण्यापासून सरळ रेषेत चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर. एवढ्या लांबून अमीन सयानी 'बहनों और भाइयों' म्हणायचे आणि 'भाइयों' कधी कधी पोचायचंच नाही.

बाबांना दाखवलं. बराच वेळ वहीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मर्फी रेडिओला हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की मिटत यायचा. अण्णा गाणं ऐकताना त्या डोळ्याकडे बघत बसायचा, आम्हाला वाटायचं तंद्री लागलीय."

23 मार्च, शनिवार

प्रकल्पाची दिशा बदलली. गाण्यांचे नंबर आता दुय्यम. 'आ.', समासातल्या नोंदी, पेन्सिल की शाई, 'ख.' आहे की नाही, हे सगळं वेगळ्या रकान्यांत घेतेय. म्हणजे झालेल्या दोन वह्या पुन्हा पहिल्यापासून. चरफडत का होईना, सुरुवात केली.

समासातले काही नमुने, जसेच्या तसे :

'शेजारी मिक्सर नाही, पिठाची गिरणी. आ. 2.'

'बंडूनं एरियलला टॉवेल वाळत घातला.' (बंडू म्हणजे बाबा. एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. टॉवेलाला फारच सोयीची.)

'आईनं बातम्यांसाठी 7 नंबरला पुणे लावलं. निषेध.'

9 एप्रिल, मंगळवार, पाडवा

श्रीखंड खाऊन काम शून्य. पण बाबा बोलायच्या मनःस्थितीत होते, म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या.

एक : आमच्या घरात रेडिओवरून खरी फाळणी होती. आजी पुणे केंद्राची. केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1953 ला, आणि 1955 च्या रामनवमीपासून गीतरामायण. दर आठवड्याला एक नवं गाणं, माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल, वर्षभराहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गाणी. आजी रेडिओला हळदीकुंकू वाहून बसायची. तिच्या लेखी गीतमाला म्हणजे त्याच देव्हाऱ्यात चपला घालून नाचणं. बाबांचं म्हणणं, "पण खरं सांगू का, दोन्हींचं गणित एकच होतं. आठवडाभर थांबायचं."

दोन : क्रमवारीवर काकांचा पूर्ण भरवसा कधीच नव्हता. यादी ठरायची रेकॉर्डच्या दुकानांतून आलेल्या विक्रीच्या आकड्यांवर आणि श्रोता संघांच्या मतांवर. काकांचं म्हणणं, लक्ष्मी रोडच्या दुकानात एखाद्यानं गठ्ठ्यानं तबकड्या उचलल्या तर? म्हणून तर श्रोता संघांना विचारत असणार. मग खडकीच्या पाच-सहा जणांनी स्वतःचा श्रोता संघ काढायचं ठरवलं. नाव काय ठेवायचं यावर दोन महिने वाद झाला आणि संघ निघालाच नाही. पुण्यात दुसरं काय होणार.

24 एप्रिल, बुधवार

कॅसेटींकडे वळले. यादी : 23, त्यातल्या 19 वाजण्याजोग्या. बहुतेक 1979 ते 86 मधल्या, C-60. एका बाजूला अर्धा तास, म्हणजे तासाचा कार्यक्रम एका कॅसेटीत बरोबर बसतो. फक्त बाजू पालटताना मधलं एक गाणं अर्धवट. काकांनी पालटताना काय वाजत होतं तेही वेष्टणावर लिहिलंय.

चौघींची प्रेशर पॅड गळलेली, म्हणजे टेपला हेडवर दाबून धरणारा तो इवलासा नमदा. गोंद वाळून सुटतो. उपाय : स्क्रूवाली दुसरी कॅसेट घ्यायची, तिच्यातली टेप काढायची, आपली तिच्यात बसवायची. त्यासाठी आज सुट्टी टाकून जुन्या बाजारात. बुधवार आणि रविवारी भरतो. दहा रुपयाला एक अशा भजनांच्या सहा कॅसेटी घेतल्या. विकणाऱ्यानं विचारलं, "ताई, वाजवणार कशावर?" मी म्हटलं, वाजवणार नाही, सोलणार आहे. त्यानं जे तोंड केलं!

डेकचे बेल्ट बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाले. जुने बेल्ट वितळून डांबर झाले होते, पुलीवरून खरवडून काढायला पूर्ण संध्याकाळ गेली.

12 मे, रविवार

अकरा कॅसेटी करून झाल्यावर कळलं की अकराही पुन्हा कराव्या लागणार. आवाज दबका येत होता, मी शॉर्टवेव्हला दोष देत बसले. दोष माझा. काकांच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं होतं, माझ्या डेकचं सरळ. रेकॉर्ड करताना हेडचा जो कोन असतो तोच वाजवताना हवा, नाहीतर वरचे सूर आधी गळतात. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. दर कॅसेटला तो कानानं लावायचा : 'स'कार खणखणीत ऐकू आला की थांबायचं. सयानींच्या बोलण्यात 'स' पुष्कळ, ही सोय.

दुसरी भानगड वेगाची. काकांचा रेकॉर्डर थोडा जलद पळायचा, त्यामुळे आता सगळं जरा मंद आणि खर्जात वाजतं. युक्ती अशी की टेपवर विजेची गुणगुण उमटलेली असते, ती 50 हर्ट्झवर आणली की वेग बरोबर. मी खुशीत तसं केलं. मग लक्षात आलं, त्या काळात मागणी वाढली की ग्रिडच 50 च्या खाली घसरायची, त्यातून बुधवारी रात्री आठला सगळ्यांचे दिवे लागलेले. गुणगुणीवर काय विश्वास ठेवणार! शेवटी त्याच गाण्याची सीडी लावून सूर जुळवला. दर कॅसेटला एक गाणं. वेळखाऊ, पण बरोबर.

(आवाज नेटवर चढवणार नाही, हक्क आपले नाहीत. वह्यांची लिखित प्रत मात्र देणार.)

26 मे, रविवार

1964 आणि 65 च्या वह्यांत तारखेशेजारी '25' ऐवजी '41' वारंवार दिसतं. मीटर बँड, म्हणजे शॉर्टवेव्हवरचे पट्टे. सोसायटीत एक हौशी रेडिओवाले काका आहेत, त्यांना दाखवलं तर त्यांनी साल बघूनच मान डोलावली. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात-घटतात, आणि 1964 म्हणजे तळ. डाग कमी, की वरचा थर दुबळा, मग अंधार पडल्यावर 25 मीटर डोक्यावरून निघून जातो, 41 वर यावं लागतं. अण्णाकाकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त बटण फिरवलं आणि काय झालं ते लिहून ठेवलं.

मला या माणसाबद्दल आजवर माहीत होतं ते एवढंच की ते लग्नात फार जेवत नसत.

9 जून, रविवार

1967 ची वही. 1 नोव्हेंबरच्या पानावर गीतमालेच्या वर लाल शाईत : 'आजपासून विविध भारतीवर जाहिराती. मुंबई-पुणे-नागपूर.' तोही बुधवार निघाला, मी कॅलेंडर दोनदा पाहिलं. म्हणजे सिलोनचं जे वेगळेपण होतं ते घरच्या केंद्रावर आलं, तेही पहिल्यांदा आपल्याकडेच. त्या रात्री काकांनी 'आ.' चा रकाना भरलाच नाही. वैतागून, की विसरून? बाबा म्हणतात, "तो विसरणारा नव्हता."

7 जुलै, रविवार

मुद्दाम मागे ठेवलेली वही आज उघडली : 1961.

हिचा खालचा कोपरा पिवळा पडलेला, पानं लाटांसारखी वळलेली. काका दर तिमाहीच्या सुरुवातीला पुढच्या सगळ्या बुधवारच्या तारखा आधीच लिहून, सोळा ओळी आखून ठेवत. त्यामुळे 12 जुलै 1961 चं पान तयार आहे. तारीख आहे, सोळा आकडे आहेत, पुढे काही नाही.

पानशेत. सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि दुपारपर्यंत पेठांत पाणी. वार बुधवार होता हे मला आजवर ठाऊक नव्हतं. कुणी वार सांगतच नाही, तारीख सांगतात.

बाबा तेव्हा वीस वर्षांचे. आजीला आणि आत्याला घेऊन पर्वतीच्या दिशेनं निघाले. काका खडकीत अडकलेले, पूल पाण्याखाली. घरी परतले तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि खोलीत गुडघाभर चिखल. मर्फी फळीवरून खाली, चिखलात पालथा. वह्या लाकडी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. ही सगळ्यात खाली होती, तिला ओल पोचली.

19 जुलै, 26 जुलै, 2 ऑगस्ट, 9 ऑगस्ट. चारही पानं आखलेली, कोरी. 'ख.' सुद्धा नाही. सायकलीवर कुणाला गाणी विचारायची ती वेळ नव्हती.

मग 16 ऑगस्ट, सगळं पेन्सिलीनं : 'इराण्याकडे. आ. 4. चहा 2.'

तिथून दिवाळीपर्यंत दर बुधवारी 'इ.' आणि चहाचा आकडा. गिऱ्हाइकांचा गोंगाट, बशा, पण इराण्याची एरियल चांगली असावी, 3 च्या खाली आकडा नाही. नोव्हेंबरात पुन्हा शाई आणि एक शब्द : 'फिलिप्स.' बोनस झाला असणार.

नेटवर 12 जुलैची यादी शोधून त्या ओळी भरता येतील. मुलगी म्हणाली, "भर ना, डेटा पूर्ण होईल." भरणार नाही. स्प्रेडशीटमध्ये त्या पाच आठवड्यांच्या ऐंशी ओळी रिकाम्या ठेवल्यात, रंगसुद्धा दिला नाही.

14 जुलै, रविवार

कॅसेटी 19 पैकी 17 झाल्या. एक तुटली, चिकटवली. एकीवर गीतमालेच्या जागी आत्येबहिणीचं गाणं निघालं, वय अंदाजे सहा. तिला पाठवलं, तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.

25 जुलै, गुरुवार

काल रात्रभर पाऊस. पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. टीव्हीवर बोटी. ऑफिसनं घरून काम करायला सांगितलं.

बाबा सकाळपासून बातम्यांसमोर. दहाच्या सुमाराला उठले, माझ्या टेबलाशी आले आणि पसरलेल्या वह्या एकावर एक रचायला लागले. सालाप्रमाणे नाही, ओल लागलेली सगळ्यात वर.

"वर ठेव या."

"बाबा, कोथरूड आहे. तिसरा मजला."

"असू दे. ठेव."

स्टूल आणलं. त्यांनी खालून एकेक वही दिली, मी माळ्यावर लावली. चौदा मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कॅसेटी?" त्याही ठेवल्या.

28 जुलै, रविवार

ऊन. वह्या खाली काढल्या. 1968 ची चार पानं टाइप व्हायची आहेत, मग उरलेली.